मद्यमुक्ती स्वमदत गट

मद्यमुक्ती स्वमदत गट म्हणजे मद्यपाशातून बाहेर पडू इच्छिणाऱ्या, तसेच बाहेर पडलेल्या व्यक्तींनी परस्परांच्या आधारासाठी चालवलेली, ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी भरणारी सभा होय. अशा गटात डॉक्टर, समुपदेशक किंवा उपदेशक केंद्रस्थानी नसतो. ज्याने दारूचे दुष्परिणाम स्वतः भोगले आहेत, तोच दुसऱ्याशी बोलतो आणि दुसऱ्याचे ऐकतो. या प्रकारातील सर्वांत जुनी व सर्वदूर पसरलेली संघटना 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही असून ती 'एए' या लघुनामाने ओळखली जाते. मुंबई, तिची उपनगरे व महाराष्ट्रातील अनेक शहरे यांत तिच्या सभा मराठी, हिंदी आणि इंग्रजी भाषांत भरतात. व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गट आणि मद्यपींच्या कुटुंबीयांचे गट हेही याच परंपरेत मोडतात.

प्रस्तुत लेखात या गटांचा इतिहास, सभेचे स्वरूप, सभा शोधण्याचे मार्ग आणि त्यांच्या मर्यादा यांची माहिती दिली आहे. उदाहरणादाखल विक्रोळी व तिच्या आसपासची पूर्व उपनगरे घेतली आहेत.

मद्यपाश : स्वरूप आणि व्याप्ती

दारू पिणारी प्रत्येक व्यक्ती मद्यपाशात सापडलेली असते, असे नाही. पिण्याची अनावर ओढ, एकदा सुरुवात केल्यावर थांबता न येणे, तोच परिणाम साधण्यासाठी प्रमाण वाढवावे लागणे, न मिळाल्यास हातापायांना कंप सुटणे आणि नुकसान दिसत असूनही पिणे चालू राहणे ही मद्यपाशाची मुख्य लक्षणे मानली जातात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ साली मद्यपाशाला आजार म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही त्याचा समावेश आहे. याच संघटनेने 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी तयार करून घेतली असून तीत ८ किंवा अधिक गुण मिळाल्यास पिणे घातक पातळीवर गेले असल्याची शक्यता धरली जाते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी व्यक्ती, मद्य घेतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांमध्ये १.६ टक्के आढळले. सुमारे २.९ कोटी व्यक्ती मद्यावर पूर्णतः अवलंबून आहेत. अशा ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीने कोणत्या तरी स्वरूपाचे उपचार अथवा मदत मिळाल्याचे सांगितले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेल्यांचे प्रमाण तर १८० मध्ये एक एवढेच होते. गरज आणि उपलब्ध मदत यांच्यातील ही दरी पाहता, विनामूल्य व घराजवळ भरणाऱ्या सभेचे महत्त्व स्पष्ट होते.

उगम

परस्परांच्या साहाय्याने दारू सोडण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातही झाले होते. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात स्थापन झालेली 'वॉशिंग्टोनियन' चळवळ त्यांपैकी प्रमुख होय. अल्पावधीत तिचे लक्षावधी अनुयायी झाले. परंतु राजकीय वादांत गुरफटल्याने ती काही वर्षांतच लयाला गेली. पुढे एएने सार्वजनिक वादांपासून कटाक्षाने दूर राहण्याचा नियम केला, त्यामागे असे अनुभव होते.

एएचा आरंभ १९३५ सालचा. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात काम करणारे बिल विल्सन काही महिन्यांपूर्वीच दारूपासून दूर झाले होते. व्यवसायाच्या निमित्ताने ते ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी गेले असता तेथील व्यवहार फसला आणि पुन्हा पिण्याची तीव्र इच्छा त्यांच्या मनात उफाळून आली. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोलणे हाच आपल्याला वाचण्याचा मार्ग आहे, असे त्यांना वाटले. ओळखीपाळखीतून त्यांची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. १२ मे १९३५ रोजी झालेली ही भेट काही तास चालली. डॉ. स्मिथ यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा प्याला घेतला. तोच दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो.

या भेटीत एएचे मूळ सूत्र सापडते. विल्सन हे डॉ. स्मिथ यांना सुधारण्यासाठी गेले नव्हते. स्वतः न पिता राहावे, यासाठी त्यांना दुसऱ्या मद्यपीची गरज होती. मदत करणाऱ्यालाही मदतीचा लाभ होतो, ही कल्पना आजही प्रत्येक सभेच्या मुळाशी आहे. त्यामुळेच अनेक वर्षे दारूपासून दूर असलेले सदस्यही सभेला येत राहतात.

१९३९ साली संघटनेचा मूलभूत ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात 'बारा पायऱ्या' मांडल्या आहेत. दारूपुढे आपले काही चालत नाही याची कबुली, आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास, स्वतःच्या दोषांची झाडाझडती, दुखावलेल्या व्यक्तींची शक्य तेथे भरपाई आणि इतर मद्यपींपर्यंत हा संदेश नेणे असा त्यांचा क्रम आहे. गटांनी कसे चालावे हे सांगणाऱ्या 'बारा परंपरा' १९५० साली क्लीव्हलंड येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात स्वीकारण्यात आल्या. आज सुमारे १८० देशांत एएचे गट असून सदस्यसंख्या सुमारे २० लाख असल्याचा संघटनेचा अंदाज आहे. सदस्यांची नोंदवही ठेवली जात नसल्याने हा आकडा अंदाजाचाच राहतो.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रात दारूविरोधी विचाराची परंपरा जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढत्या संख्येविरुद्ध लेखी हरकत नोंदवली होती. वारकरी संप्रदायात गळ्यात तुळशीची माळ घालणारा मद्य व मांस वर्ज्य करतो. गाडगे महाराजांनी कीर्तनांतून दारूवर कठोर प्रहार केले. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील 'आर्य मदिरा मंडळ' हे पिणाऱ्यांचे मंडळ विनोदासाठी आले असले, तरी त्यात एक वास्तव दडलेले आहे. पिणाऱ्याला सोबती सहज मिळतात. सोडू पाहणाऱ्याला मात्र ते मिळत नाहीत. दारू सोडण्याचा निश्चय केलेला सुधाकर पुन्हा प्याल्याकडे वळतो, तेव्हा त्याच मार्गाने गेलेला आणि परत आलेला एकही माणूस त्याच्याजवळ नसतो. स्वमदत गट नेमकी ही उणीव भरून काढतो.

कायद्याच्या मार्गानेही प्रयत्न झाले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने पिण्यासाठी परवाना आवश्यक ठरवला. गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी लागू झाली. अनेक गावांतील स्त्रियांनी मतदानात 'आडव्या बाटली'ला कौल देऊन दुकाने बंद करवली. हे सर्व उपाय दारूच्या पुरवठ्याला आळा घालणारे आहेत. ज्याला तिची शारीरिक ओढ लागली आहे, त्याला पाठबळ देण्याचे काम वेगळे आहे आणि ते गटांकडे येते.

भारतातील एए आपला आरंभ १९५७ साली मुंबईत सुरू झालेल्या गटापासून मोजते. १९८१ साली फादर जोसेफ परेरा यांनी वांद्रे येथे 'कृपा फाउंडेशन'ची स्थापना केली. स्वतः मद्यपाशातून बाहेर पडलेल्या फादर परेरांनी बारा पायऱ्यांना योगसाधनेची जोड दिली. २००९ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. ब्राऊन शुगरच्या व्यसनावरील अनिल अवचट यांची 'गर्द' ही लेखमाला त्याला निमित्त ठरली. पुढे दारूच्या रुग्णांचे प्रमाण तेथे मोठे झाले. येथे बरे झालेले रुग्ण पुढे समुपदेशक व कार्यकर्ते म्हणून काम करतात. निवासी उपचारांनंतर पाठपुरावा सभांना येत राहण्यावर केंद्राचा भर आहे.

विक्रोळी आणि परिसर

विक्रोळी हे मध्य रेल्वेच्या मार्गावर घाटकोपर व कांजूरमार्ग यांच्यामधील उपनगर होय. एकीकडे गोदरेजची औद्योगिक वसाहत, पूर्वेला कन्नमवार नगर व टागोर नगर या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती, पश्चिमेला पार्कसाइट आणि डोंगरउतारावरील वस्त्या अशी तिची रचना आहे. कारखान्यांतील पाळ्या, लांबचा प्रवास आणि दाटीची घरे ही येथील बहुसंख्य कुटुंबांच्या जीवनाची चौकट राहिली आहे.

२००४ साली विक्रोळीत विषारी गावठी दारू पिऊन ८०हून अधिक लोक मरण पावले. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात अशाच घटनेत १०० हून अधिक जणांचा बळी गेला. अशा दारूत मिथेनॉल हा औद्योगिक वापराचा अल्कोहोल मिसळलेला असतो. शरीरात त्याचे रूपांतर फॉर्मिक आम्लात होते. हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूंवर आघात करते आणि रक्ताची आम्लता वाढवते. अंधूक दिसू लागणे, पोटात कळा येणे, श्वास जोरजोराने चालणे ही लक्षणे काही तासांनंतर दिसतात. वेळीच रुग्णालय गाठल्यास त्यावर उतारा देता येतो.

अशा दुर्घटनांनंतर हातभट्ट्यांवर छापे पडतात, अटका होतात आणि काही काळ वर्तमानपत्रांत चर्चा होते. परंतु विषारी दारूने होणारे मृत्यू जेवढे डोळ्यांत भरतात, तेवढे यकृताच्या विकाराने, अपघाताने किंवा आत्महत्येने वर्षभर घरोघरी होणारे मृत्यू भरत नाहीत. हे दुसऱ्या प्रकारचे मृत्यू छाप्यांनी टळत नाहीत. त्यासाठी पिणाऱ्या व्यक्तीला मदतीपर्यंत पोहोचता येणे गरजेचे असते.

सभेचे स्वरूप

एएची सभा साधारणतः तास ते दीड तास चालते. मुंबईत ती बहुधा संध्याकाळी, महापालिकेच्या शाळेचा वर्ग, चर्चचे दालन किंवा समाजमंदिर अशा ठिकाणी भरते. जागा चर्चची असली तरी सभा त्या धर्माची नसते. गट जागेचे भाडे देतो, एवढाच संबंध असतो.

सभेचा क्रम सर्वत्र जवळपास सारखा असतो. एक सदस्य अध्यक्षस्थानी बसतो. काही क्षणांची शांतता किंवा प्रार्थना, संघटनेच्या उद्दिष्टाचे वाचन आणि त्यानंतर अनुभवकथन होते. या अनुभवकथनाला सभांमध्ये 'शेअरिंग' म्हणतात. बोलणारा आपले पहिले नाव सांगतो आणि आपण मद्यपी असल्याचे नमूद करतो. पूर्वी काय होते, काय घडले आणि आज काय आहे, या तीन टप्प्यांत तो आपली हकिगत मांडतो. त्याचे बोलणे चालू असताना कोणी मध्ये बोलत नाही, शंका काढत नाही किंवा सल्ला देत नाही. ज्यांना बोलायचे नसेल त्यांनी नुसते ऐकले तरी चालते.

सदस्यत्वाची एकच अट आहे : दारू सोडण्याची इच्छा. प्रवेशशुल्क किंवा वर्गणी नसते. सभेच्या शेवटी एक टोपी अथवा पेटी फिरवली जाते. तीत सदस्य स्वेच्छेने पैसे टाकतात. नवागताने काही टाकावे अशी अपेक्षा नसते. गट बाहेरची देणगी स्वीकारत नाही. भाडे, चहा आणि पुस्तिका यांचा खर्च सदस्यच उचलतात.

'बंद' सभा केवळ मद्यपींसाठी असते. 'खुल्या' सभेला कुटुंबीय, विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते असे कोणीही येऊन बसू शकते. समाजकार्य किंवा परिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अशी खुली सभा हा विषय समजून घेण्याचा चांगला मार्ग आहे. मात्र तेथे ऐकलेली नावे व हकिगती बाहेर न्यायच्या नसतात, हा नियम पाहुण्यांनाही लागू होतो.

अनुभवी सदस्य नवागताचा 'स्पॉन्सर' होतो. पैशांचा पुरवठा करणारा असा त्याचा अर्थ येथे नाही. पिण्याची इच्छा झाल्यास ज्याला अवेळीही दूरध्वनी करता येतो आणि जो बारा पायऱ्या समजावून सांगतो, तो स्पॉन्सर. सामान्यतः पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री स्पॉन्सर असावा असा संकेत आहे. आयुष्यभराची शपथ घेण्याऐवजी 'आजचे चोवीस तास' न पिण्याचे ठरवावे, हे गटातील प्रसिद्ध सूत्र होय. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत घसरण्याचा धोका अधिक असल्याने त्या ओळखायला शिकवले जाते. दारू सोडल्याचा वार्षिक दिवस वाढदिवसासारखा साजरा केला जातो.

सभा शोधण्याचे मार्ग

नवागतापुढील पहिला प्रश्न म्हणजे सभा नेमकी कोठे व केव्हा आहे, हा होय. त्यासाठी पुढील मार्ग उपयोगी पडतात.

एएच्या भारतातील संकेतस्थळावर शहरानुसार सभांची माहिती व मदतीचे दूरध्वनी क्रमांक दिलेले असतात. जागा व वेळ यांत बदल होत असल्याने निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून खात्री करून घेणे इष्ट ठरते. त्या वेळी चार गोष्टी विचाराव्यात : सभा खुली की बंद, भाषा कोणती, वार व वेळ काय आणि इमारतीत नेमके कोणत्या मजल्यावर जायचे. संध्याकाळी शाळेचे मुख्य फाटक बंद असू शकते. कोणत्या फाटकाने आत यायचे हेही विचारून ठेवल्यास दारातून परत फिरण्याची वेळ येत नाही.

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

तिसरा मार्ग सरकारी व महापालिका रुग्णालयांचा. विक्रोळीला जवळचे महापालिकेचे मोठे रुग्णालय म्हणजे घाटकोपरचे राजावाडी. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय व परळचे केईएम रुग्णालय यांत मानसोपचार विभाग आहेत. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालयही मध्य रेल्वेच्या याच मार्गावरील शहरात आहे. येथील बाह्यरुग्ण विभागात तपासणी होते आणि गटाची माहितीही मिळू शकते.

आपल्याच वस्तीतील सभेला जाण्यास अनेकांना संकोच वाटतो. कोणी ओळखीचे भेटले तर, ही भीती स्वाभाविक आहे. अशा वेळी विक्रोळीतील व्यक्तीने घाटकोपर, भांडुप, मुलुंड किंवा चेंबूर या भागांतील सभेची चौकशी करण्यास हरकत नसते. सदस्यावर विभागाचे बंधन नाही. दुसरे असे की, सभेत ओळखीचा माणूस भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी तेथे आलेला असतो. २०२० सालच्या महासाथीनंतर ऑनलाइन सभाही रूढ झाल्या. पाळीत काम करणारे, आजारी आणि घराबाहेर पडणे अवघड असलेल्या स्त्रिया यांना त्यांचा विशेष उपयोग होतो.

गट आणि निवासी केंद्र यांतील फरक लक्षात घ्यावा. एएचा गट कोणाला दाखल करून घेत नाही, औषध देत नाही व पैसे मागत नाही. निवासी व्यसनमुक्ती केंद्र निवडताना त्याची नोंदणी, तेथील डॉक्टर आणि खर्च यांची चौकशी आवश्यक असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात मद्य व अमली पदार्थ यांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांचा समावेश आहे. रुग्णाची संमती व हक्क यांचे नियम त्यांनाही लागू होतात. घरच्यांच्या सांगण्यावरून माणसाला बळजबरीने उचलून नेणे किंवा मारहाण करणे हा उपचार नव्हे.

पहिली सभा आणि त्यानंतर

पहिल्या सभेला नवागताला काही भरून द्यावे लागत नाही. आडनाव, पत्ता, जात, व्यवसाय यांची विचारणा होत नाही. सोबत एखादा सदस्य हवा असल्यास मदतवाहिनीवर तसे सांगता येते. शक्यतो दारू न पिता यावे असा आग्रह असतो. परंतु पिऊन आलेली व्यक्ती शांत बसत असेल, तर तिलाही बहुधा बसू दिले जाते.

पहिल्याच सभेत मन रमेल असे नाही. सांगणाऱ्याची भाषा, वय किंवा परिस्थिती आपल्याहून निराळी वाटू शकते. म्हणून काही वेगवेगळ्या सभा पाहून मगच मत बनवावे, असे जुने सदस्य सुचवतात. प्रारंभीच्या तीन महिन्यांत जवळजवळ रोज सभेला जाण्याची प्रथा अनेक देशांत आहे. पूर्वी ज्या वेळेला पाय गुत्त्याकडे वळत, तीच संध्याकाळची वेळ सभेने व्यापली जाते, हा त्यातील व्यावहारिक लाभ.

वर्षातील काही दिवस विशेष कसोटीचे असतात. आषाढातील अमावास्या लोकव्यवहारात 'गटारी' म्हणून साजरी होते. धुळवड, ३१ डिसेंबर, लग्नाची वरात आणि पगाराचा दिवस हेही तसेच. अशा दिवशी सभेला जाणे किंवा स्पॉन्सरशी आधीच बोलून ठेवणे हिताचे ठरते. ३१ डिसेंबरच्या रात्री अनेक शहरांत मुद्दाम सभा ठेवल्या जातात.

मध्येच पुन्हा पिणे घडल्यास गटात त्याला 'स्लिप' म्हणतात. अशा सदस्याला काढून टाकले जात नाही. तो परत येतो आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू करतो. लाजेने सभा टाळणे हे स्लिपपेक्षा अधिक घातक मानले जाते.

वैद्यकीय उपचारांशी संबंध

दीर्घकाळ रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता दारू एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. शेवटच्या प्याल्यानंतर काही तासांत कंप, घाम, मळमळ व अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन ते चार दिवसांनी काही रुग्णांना भ्रम, भास व तीव्र गोंधळ होतो. या अवस्थेला 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. उपचार न मिळाल्यास ती प्राणघातक ठरू शकते. म्हणून पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेख आवश्यक असते. त्या काळात झोप व फिट यांवरील औषधे आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, दिले जाते. सभा ही या उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

पुढील टप्प्यात नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट किंवा डायसल्फिरॅम ही औषधे डॉक्टर देतात. डायसल्फिरॅम घेतलेल्या व्यक्तीने दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, छातीत धडधडणे, उलट्या, रक्तदाब खाली जाणे असा त्रास होतो. 'कळू न देता दारू सोडवणारे औषध' म्हणून जेवणात किंवा चहात ते मिसळण्याचे प्रकार घडतात. त्यात रुग्णाच्या जिवाला धोका असतो. औषध रुग्णाला सांगून व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे लागते.

कुटुंबीयांचे गट

मद्यपाशाचे परिणाम घरातील प्रत्येकाला भोगावे लागतात. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी इतरांच्या साहाय्याने १९५१ साली 'अल-ॲनॉन' हा कुटुंबीयांचा स्वतंत्र गट स्थापन केला. किशोरवयीन मुलांसाठी 'ॲलटीन' हा गट १९५७ पासून आहे. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो.

या गटांचा मुख्य विचार असा की, कुटुंबीयांनी मद्यपीचे पिणे घडवलेले नसते आणि ते त्यांच्या हातात नसते. बाटल्या लपवणे, कामाच्या ठिकाणी खोटे निरोप देणे, उधारी फेडणे यांत घरच्यांची शक्ती खर्च होते आणि पिणे मात्र चालूच राहते. सभेत त्यांना स्वतःचे आरोग्य, मुलांचे शिक्षण आणि घरातील सुरक्षितता यांकडे लक्ष देण्याचे बळ मिळते. मद्यपीने स्वतः सभेला जाण्याचे नाकारले, तरी कुटुंबीयांना आपल्या गटात जाता येते. घरात मारहाण होत असल्यास गटाबरोबरच कायद्याची मदत घेणे आवश्यक असते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा त्यासाठी आहे.

परिणामकारकता, टीका व पर्याय

गटांच्या परिणामांचा अभ्यास करणे अवघड असते, कारण सदस्यांची नोंद नसते आणि येणे ऐच्छिक असते. तरीही २०२० साली जॉन केली, कीथ हम्फ्रीज व मारिका फेरी यांनी कॉक्रेन संस्थेसाठी २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्ती यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. एएशी जोडून देणाऱ्या पद्धतशीर उपचारांनंतर एका वर्षाने सुमारे ४२ टक्के रुग्ण पूर्णतः दारूमुक्त राहिले. इतर मान्य मानसोपचार पद्धतींत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. याचा अर्थ निम्म्याहून अधिक लोक कोणत्याही मार्गाने वर्षभर पूर्ण दूर राहू शकले नाहीत, हेही ध्यानात घ्यावे लागते. म्हणूनच परत येण्याची मुभा हा गटांचा दुय्यम नव्हे, तर मुख्य गुण ठरतो.

एएवरील टीकेचा पहिला मुद्दा 'आपल्याहून मोठी शक्ती' या संकल्पनेचा आहे. निरीश्वरवादी व्यक्तींना ती अडचणीची वाटते. ही शक्ती म्हणजे ईश्वरच असे नाही, गटालाही तसे मानता येते, असे उत्तर सदस्य देतात. दुसरा आक्षेप असा की, दारूपुढील स्वतःच्या हतबलतेवर दिलेला भर स्त्रियांसारख्या आधीच दबलेल्या घटकांना उपकारक नाही. याच भूमिकेतून जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ साली अमेरिकेत 'विमेन फॉर सोब्रायटी' हा गट सुरू केला. १९९४ साली स्थापन झालेली 'स्मार्ट रिकव्हरी' ही संस्था धर्मनिरपेक्ष, वर्तनशास्त्रावर आधारित पद्धत वापरते. मुंबईच्या उपनगरांत स्त्रियांना सभेला जाण्यात आणखी एक अडसर असतो : पिणाऱ्या पुरुषाला समाज जेवढी सवलत देतो, तेवढी पिणाऱ्या स्त्रीला देत नाही. त्यामुळे केवळ स्त्रियांच्या सभा आणि ऑनलाइन सभा त्यांना अधिक सोयीच्या ठरतात.

मद्यपाशाच्या अलीकडच्या पायरीवर असलेल्यांसाठी गटाबाहेरचे उपायही उपयुक्त आढळले आहेत. गोव्यात 'संगात' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ३७७ घातक मद्यपी पुरुषांवर केलेला अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी घेतलेल्या मोजक्या बैठकांनंतर, दारूपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत तीन महिन्यांनी लक्षणीय वाढल्याचे त्यात दिसले. डॉक्टर, समुपदेशक आणि गट या तिघांची कामे भिन्न आहेत : डॉक्टर शरीर सावरतो, समुपदेशक विचाराला दिशा देतो आणि त्यानंतरच्या अनेक संध्याकाळी सोबत करण्याचे काम गट करतो.